यादीतली दुबार नावं कॉम्प्युटर कशी ओळखतो? जावातल्या ‘स्ट्रीम’ची सोप्या भाषेत माहिती

दिघाशी (ता. भिवंडी) : गावात आज बरंच काही यादीवर चालतं. मतदार यादी, रेशनची यादी, घरकुलाची यादी, शेतकऱ्यांच्या अनुदानाची यादी. यादीत नाव नसलं की हेलपाटे सुरू होतात आणि दोनदा असलं तरी भानगड होते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या वेळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापण्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘दुबार’ हा शब्द घरोघरी पोचला.

हजारो, लाखो नावांमधून अशा जोड्या माणूस डोळ्यांनी शोधत बसत नाही, ते काम प्रोग्रॅम करतो. भिवंडी, शहापूर, वाडा भागातली अनेक मुलं पदविका, बीएस्सी आयटी किंवा बीसीएला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतात. त्यांना परीक्षेतही हा प्रश्न येतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही : ‘लिस्टमधल्या डुप्लिकेट नोंदी काढा.’ हे काम आधी कसं व्हायचं, ‘स्ट्रीम’मुळे ते सोपं कसं झालं आणि त्यात खऱ्या माणसाचं नाव चुकून कसं उडू शकतं, याची ही माहिती.

(सूचना : प्रत्यक्ष कोड इंग्रजी लिपीत टाइप करायचा असतो. इथे शब्द उच्चाराप्रमाणे मराठीत दिले आहेत.)

कोरा फॉर्म म्हणजे क्लास, भरलेला फॉर्म म्हणजे ऑब्जेक्ट

समजा, दिघाशीत आरोग्य शिबिर आहे. सकाळी एका टेबलावर नोंदणी झाली, दुपारी दुसऱ्या टेबलावर. संध्याकाळी दोन्ही वह्या एकाच यादीत टाइप केल्या. काही जण सकाळी नाव देऊन गेले आणि दुपारी पुन्हा देऊन बसले. यादीत ४०० नोंदी झाल्या, माणसं मात्र त्याहून कमी आहेत.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी आहेत : नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि पाडा. जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत कोऱ्या छापील फॉर्मला ‘क्लास’ म्हणायचं आणि माणसाच्या माहितीने भरलेल्या फॉर्मला ‘ऑब्जेक्ट’. फॉर्म एकच, भरलेल्या प्रती ४००. म्हणजे क्लास एक, ऑब्जेक्ट ४००. या सगळ्या प्रती ज्या फाइलमध्ये ओळीने लावल्या, ती ‘लिस्ट’.

जुनी पद्धत : लूपमध्ये लूप

लूप म्हणजे फेरा. तेच काम यादी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. दुबार नोंद शोधायची सरळ युक्ती अशी : पहिला फॉर्म हातात घ्या, बाकीच्या ३९९ फॉर्मशी जुळवून बघा. मग दुसरा घ्या, उरलेल्या ३९८ शी जुळवा. असं शेवटपर्यंत. बाहेरचा फेरा फॉर्म उचलतो, आतला फेरा जुळवतो.

४०० नोंदींसाठी या पद्धतीत ७९,८०० वेळा जुळवणी होते. नोंदी ४,००० झाल्या, तर जुळवणी ७९ लाख ९८ हजार. यादी दहापट वाढली की काम जवळपास शंभरपट वाढतं. गावाच्या यादीला हे चालून जातं, जिल्ह्याच्या यादीला चालत नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. विद्यार्थी फेरा चालू असतानाच दुबार नोंद काढून टाकतात. सातव्या क्रमांकाची नोंद काढली की आठवी सरकून सातव्या जागी येते आणि फेरा मात्र पुढे आठव्या जागेवर जातो. सरकलेली नोंद तपासलीच जात नाही. तीन दुबार नोंदी लागोपाठ असतील, तर मधली एखादी हमखास वाचते. प्रोग्रॅम कसलीही तक्रार करत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. ‘फॉर-ईच’ प्रकारच्या लूपमध्ये असं काही काढायला गेलं, तर जावा बहुतेक वेळा ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ ही चूक दाखवून थांबते. ते थांबणं परवडलं, कारण चूक निदान कळते.

मधला उपाय : सेट

जावात ‘सेट’ नावाचा एक डबा आहे. त्यात तीच वस्तू दुसऱ्यांदा ठेवता येत नाही. यादीतल्या नोंदी एकेक करून सेटमध्ये टाकल्या की दुबार आपोआप बाहेर राहतात.

‘हॅशसेट’ हे काम झपाट्याने करतो, कारण तो प्रत्येक नोंदीवरून एक आकडा काढतो आणि त्या आकड्याच्या कप्प्यात ती ठेवतो. पोस्टात पत्रं पाड्याप्रमाणे लावतात तसंच. नवीन पत्र आलं की सगळा गठ्ठा चाळायचा नाही, त्या पाड्याच्याच कप्प्यात बघायचं. त्यामुळे ४०० नोंदींसाठी साधारण ४०० वेळाच बघावं लागतं. मात्र हॅशसेटमध्ये नोंदींचा क्रम राहीलच असं नाही. क्रम हवा असेल तर ‘लिंक्डहॅशसेट’ वापरायचा.

स्ट्रीम म्हणजे गोदामातला सरकता पट्टा

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये जगासमोर आणली. पुढे २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतली. मार्च २०१४ मध्ये जावाची आठवी आवृत्ती आली आणि तिच्यात स्ट्रीम आली.

भिवंडीच्या गोदामांत ज्यांनी काम केलं आहे, त्यांना स्ट्रीम लगेच कळेल. माल सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातो. एका टप्प्यावर फुटलेली खोकी बाजूला होतात, पुढच्या टप्प्यावर लेबल लागतं, शेवटी माल एकत्र होतो. प्रत्येक टप्प्याला आपलंच काम माहीत असतं. स्ट्रीममध्ये खोक्यांच्या जागी ऑब्जेक्ट असतात. मुख्य टप्पे चार :

‘फिल्टर’ : अट पाळणाऱ्या नोंदीच पुढे सोडतो. उदाहरणार्थ, जन्मतारीख भरलेल्या नोंदीच.

‘मॅप’ : नोंदीचं रूप बदलतो. उदाहरणार्थ, अख्ख्या फॉर्मऐवजी फक्त पाड्याचं नाव पुढे पाठवतो.

‘डिस्टिंक्ट’ : आधी येऊन गेलेली नोंद पुन्हा आली, तर ती अडवतो.

‘कलेक्ट’ : उरलेल्या नोंदी नव्या यादीत जमा करतो. जावाच्या सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२१ पासून, त्यासाठी ‘टूलिस्ट’ हा छोटा शब्दही आहे.

लूपमध्ये दहा-बारा ओळी घेणारं काम मग एका ओळीत मावतं :

नोंदी.स्ट्रीम().डिस्टिंक्ट().टूलिस्ट()

वाचायलाही सोपं : नोंदी घे, पट्ट्यावर टाक, वेगळ्या तेवढ्या ठेव, यादी बनव. ‘कसं करायचं’ याचा तपशील जावा सांभाळते, प्रोग्रॅमरने ‘काय हवं’ तेवढं सांगायचं. मोजणी, जागा सरकणं, फेऱ्याचा शेवट या सगळ्या चुकांना वावच राहत नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, स्ट्रीमच्या या टप्प्यांनी मूळ यादी बदलत नाही. नवी यादी तयार होते आणि जुनी जशीच्या तशी राहते. दोन, शेवटचा टप्पा लिहिल्याशिवाय पट्टा हलतच नाही. ‘फिल्टर’ आणि ‘डिस्टिंक्ट’ लिहून सोडून दिलं, तर काहीही घडत नाही. तीन, एकदा चाललेली स्ट्रीम पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्या कामासाठी यादीवरून नवी स्ट्रीम काढावी लागते.

खरी मेख : ‘सारखं’ कशाला म्हणायचं?

नवशिक्यांचा अनुभव असा, की ‘डिस्टिंक्ट’ लिहिलं तरी दुबार नोंदी जशाच्या तशा राहतात. कारण सोपं आहे. आपण सांगितलं नाही, तर जावा दोन भरलेल्या फॉर्मना वेगळेच समजते. आतला मजकूर अक्षरशः एक असला तरी कागद दोन आहेत ना, मग नोंदी दोन, असा तिचा हिशेब.

दोन नोंदी सारख्या कधी मानायच्या, हे क्लासमध्ये ‘इक्वल्स’ या मेथडने सांगावं लागतं. तिच्यासोबत ‘हॅशकोड’ ही दुसरी मेथडही लिहावी लागते. वर सांगितलेला कप्प्याचा आकडा तीच देते. नियम असा, की इक्वल्सने सारख्या ठरवलेल्या दोन नोंदींचा हॅशकोडही एकच आला पाहिजे. फक्त इक्वल्स लिहून हॅशकोड विसरला, तर एकाच माणसाची दोन पत्रं दोन वेगळ्या कप्प्यांत पडतात आणि त्यांची गाठच पडत नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारला जातो.

सोळाव्या आवृत्तीपासून ‘रेकॉर्ड’ हा क्लासचा तयार प्रकार मिळतो. त्यात या दोन्ही मेथड आपोआप येतात. पण रेकॉर्ड सगळे रकाने जुळवून बघतो. सकाळी एक मोबाइल नंबर दिला आणि दुपारी मुलाचा दिला, तर माणूस एकच असूनही नोंदी वेगळ्या ठरतात.

इथे कॉम्प्युटरचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं. कोणते रकाने जुळले म्हणजे माणूस एकच?

फक्त नावावर ठरवलं तर? भिवंडी तालुक्यात पाटील, भोईर, म्हात्रे आडनावाची घरं गावोगाव आहेत. एकाच गावात एकाच नावाची दोन-तीन माणसं निघणं नवीन नाही. नावावरून दुबार काढलं, तर त्यातला एकच उरेल आणि बाकीचे खरे असून यादीतून जातील.

मोबाइल नंबरवर ठरवलं तर? अनेक घरांत एकच फोन असतो. आजी, सून आणि नातू तिघांच्या नावापुढे तोच नंबर. तिघांची एकच नोंद होईल. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची गत आणखी वाईट. त्यांचा रकाना रिकामा राहतो आणि कॉम्प्युटरला सगळे रिकामे रकाने सारखेच दिसतात. गावातल्या फोन नसलेल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांमधून एकाचंच नाव उरेल.

सरकारी नंबरवर ठरवलं तर? तो मार्ग जास्त भरवशाचा, तरी डोळे झाकून वापरण्यासारखा नाही. मार्च २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक आढळल्याची चर्चा झाली. क्रमांक सारखा असला म्हणजे मतदार बनावट असं होत नाही, काही राज्यांत एकाच अक्षर-अंकांची मालिका वापरली गेल्याने हे घडलं, असा खुलासा भारत निवडणूक आयोगाने केला होता. म्हणजे नंबर एक आणि माणसं दोन, असंही होऊ शकतं.

म्हणून शिबिराच्या यादीला नाव, जन्मतारीख आणि पाडा असे तीन रकाने मिळून जुळवणं त्यातल्या त्यात बरं. एका रकान्याच्या भरवशावर माणसाचं नाव काढू नये.

मराठी अक्षरांची गंमत, कॉम्प्युटरची पंचाईत

डोळ्यांना एकच दिसणारं नाव कॉम्प्युटरला वेगळं वाटू शकतं. वाडा तालुक्यातल्या गोऱ्हे गावाचं नाव घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, आतले संकेत वेगळे. इक्वल्स म्हणणार, ही दोन गावं आहेत.

अशा जागा आणखी आहेत. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’. नावामागे चुकून पडलेली मोकळी जागा. आडनाव आधी की नाव आधी. एका ठिकाणी मराठी अंक, दुसरीकडे इंग्रजी अंक. मोबाइलच्या आधी कुणी शून्य लावलेलं, कुणी देशाचा कोड.

त्यामुळे ‘डिस्टिंक्ट’च्या आधी ‘मॅप’चा टप्पा लावून नोंदी एकसारख्या करून घ्याव्या लागतात. कडेच्या मोकळ्या जागा काढायला ‘स्ट्रिप’, अक्षरांचे संकेत एका पद्धतीत आणायला ‘नॉर्मलायझर’ आणि न दिसणारी जोडचिन्हं बदलायला ‘रिप्लेस’. नॉर्मलायझर ती जोडचिन्हं काढत नाही, म्हणून ‘रिप्लेस’ वेगळं करावंच लागतं. हे न करता डिस्टिंक्ट चालवणं म्हणजे धान्य न पाखडता दळायला देणं.

काढण्याआधी मोजा

‘डिस्टिंक्ट’ पहिली आलेली नोंद ठेवतो आणि नंतरची टाकतो. शिबिरात एखाद्याने दुपारी येऊन नंबर दुरुस्त करून दिला असेल, तर दुरुस्त नोंद जाईल आणि चुकीची राहील. टाकलेल्या नोंदींची यादीही तो देत नाही.

त्यापेक्षा ‘ग्रुपिंगबाय’ वापरावं. ते सारख्या नोंदींचे गठ्ठे बांधतं. सोबत ‘काउंटिंग’ लावलं की प्रत्येक गठ्ठ्यात किती नोंदी आहेत ते कळतं. एकापेक्षा जास्त नोंदींचे गठ्ठे ‘फिल्टर’ने वेगळे काढले की संशयित दुबार नावांची यादी हातात येते. ती छापून गावातल्या माहीतगार माणसाला दाखवावी आणि मगच काढायचं ते काढावं.

दोनपैकी नवीन नोंद ठेवायची असेल, तर ‘टूमॅप’ आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या : कशावरून ओळखायचं, काय ठेवायचं आणि दोन जुळले तर कोणतं निवडायचं. तिसरी गोष्ट सांगितली नाही आणि दुबार नोंद आली, तर तो चूक दाखवून थांबतो. परस्पर निवड करत नाही, हा त्याचा चांगला गुण.

दोन ताऱ्यांची पद्धतही काहीशी याच वळणाची होती. नाव थेट खोडायचं नाही, खूण करायची, मतदाराला विचारायचं. तो मतदान कोणत्या केंद्रावर करणार हे त्याच्याकडून घ्यायचं. उत्तर मिळालं नसेल आणि तो मतदानाला आला, तर दुसरीकडे मत दिलं नाही आणि देणार नाही, असं लिहून घ्यायचं. शोधायला कॉम्प्युटर, ठरवायला माणूस.

लूप टाकून द्यायचा का?

नाही. प्रत्येक नोंदीवर वेगवेगळा निर्णय घ्यायचा असेल, मध्येच थांबायचं असेल किंवा चूक नेमकी कुठे होते ते ओळीने बघायचं असेल, तर साधा लूप अजूनही बरा. यादीतून अटीप्रमाणे नोंदी जागच्या जागी काढायच्या असतील, तर आठव्या आवृत्तीपासून ‘रिमूव्हइफ’ आहे. त्यात नोंद सरकण्याची भानगड होत नाही. स्ट्रीमच्या एकाच ओळीत आठ-दहा टप्पे कोंबले, की तीही लूपइतकीच अवघड होते.

दुसऱ्या भाषांतही हीच सोय आहे. सी शार्पमध्ये ‘लिंक’ २००७ मध्ये आलं. कोटलिनमध्ये ‘डिस्टिंक्टबाय’ आहे, त्यात कोणत्या रकान्यावरून ओळखायचं ते थेट सांगता येतं. कोड न येणाऱ्यांसाठी एक्सेलमध्ये ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ आहे. तेही पहिली नोंद ठेवून बाकीच्या काढतं, आणि स्ट्रीमसारखी नवी यादी न करता त्याच तक्त्यातून काढतं. म्हणून बटण दाबण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी आणि कोणते रकाने निवडले ते दोनदा बघावं.

तुमचं नाव यादीत दोनदा असेल तर

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नोंदवता येत नाही. नाव वगळण्यासाठी नमुना ७ आहे. दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलल्यास नमुना ८ आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली आणि कामासाठी शहरात राहायला गेलेल्यांची नावं दोन्हीकडे राहण्याचा संभव जास्त. नव्या ठिकाणी नव्याने नाव नोंदवण्याऐवजी नमुना ८ ने जुनंच नाव हलवलं, तर दुबार होत नाही. चौकशीसाठी १९५० हा मदत क्रमांक आहे आणि गावचे बीएलओ आहेतच.

तुम्ही त्या मतदारसंघात राहत नाही किंवा नावाला पात्र नाही, अशा कारणावरून नाव काढायचं असेल, तर कलम २२ प्रमाणे आधी तुम्हाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. तशी नोटीस आली तर ती बाजूला न ठेवता मुदतीत उत्तर द्यावं.

विद्यार्थ्यांसाठी सराव : दहा नोंदींची यादी बनवा. त्यात दोन नोंदी हुबेहूब सारख्या, दोन फक्त मोकळ्या जागेने वेगळ्या, दोन एकाच नावाच्या पण वेगळ्या जन्मतारखेच्या आणि दोन रिकाम्या मोबाइलच्या ठेवा. उरलेल्या दोन साध्या. माणसं किती ते आधी बोटांवर मोजा : आठ. मग प्रोग्रॅम चालवा. उत्तर आठ येईपर्यंत इक्वल्स, हॅशकोड आणि मॅपचा टप्पा दुरुस्त करत राहा. सात आलं, तर प्रोग्रॅमने एका खऱ्या माणसाचं नाव काढलं आहे. ते कुणाचं आणि कोणत्या रकान्यामुळे, हे आधी शोधा.